‘पॉइंट’ची २५ वर्षं

२००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेने एक निर्णय घेतला आणि रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातला धंदा बदलून गेला. जीपीएसच्या नागरी संदेशांत तोवर मुद्दाम मिसळली जाणारी चूक काढून टाकण्यात आली. शंभर मीटरपर्यंत हुकणारं यंत्र दहा-वीस मीटरवर आलं. त्याला २०२५मध्ये २५ वर्षं झाली. या काळातला मोठा भाग मी कोकणात बोटींवर फिशफाइंडर, जीपीएस आणि वायरलेस बसवण्यात घालवला. आता आदिलाबादला घरी परतलोय. इथे सर्वांत जवळचं मोठं पाणी पैनगंगेचं, त्यामुळे दर्याची खबर पेपरातूनच कळते. अलीकडे ती खबर वाचली की संताप येतो. संकटात हाक देणारे ट्रान्सपॉन्डर किती बोटींवर बसले, याचे आकडे छापून येतात. त्यातले आज किती सुरू आहेत, हे कोणी विचारत नाही.

आमच्या हातून जी यंत्रं बोटींवर चढली, त्यांतली मासा शोधणारी यंत्रं मालकांनी जिवापाड जपली. माणूस परत आणणारी यंत्रं मात्र कायम दुय्यम राहिली. २५ वर्षांचा हिशेब मांडायला बसलं की शेवटी एवढंच उरतं.

२०००च्या आधीचा इतिहास थोडक्यात आटपतो. जपानमध्ये फुरुनो बंधूंनी १९४८ साली मासे शोधणारं यंत्र बाजारात आणलं. आपल्याकडे बोटींना इंजिनं बसली, ट्रॉलर आले, तरी बोट चालवणाऱ्या तांडेलाचं होकायंत्र आणि त्याच्या डोक्यातल्या खुणा हीच साधनं बराच काळ पुरली. किनाऱ्यावरचा अमुक डोंगर तमुक देवळाच्या कळसाच्या रेषेत आला, दोरीला बांधलेलं शिसं इतक्या वावांवर टेकलं, की खाली खडप आहे हे ठरलेलं. नव्वदच्या दशकात एखाद्या पैसेवाल्याच्या बोटीवर पडदा दिसे आणि बाकीचे तो बघायला जात.

पुढची दहा वर्षं मात्र मी रोज पाहिली. पावसाळी बंदीत बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असत. जुलै उजाडला की झापं काढली जात, रंगाचे डबे उघडत आणि आम्हाला बोलावणी येत. बंदी उठायची, नारळी पौर्णिमेचा नारळ दर्याला द्यायचा, त्याआधी सगळं झालेलं हवं.

फिशफाइंडरचा पडदा सगळ्यांना दिसतो, पण खरं काम बोटीच्या तळाला असतं. तिथे बसवलेला ट्रान्सड्यूसर पाण्यात आवाज सोडतो आणि परत आलेला आवाज ऐकतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड हजार मीटर जातो, म्हणजे वीस वावांच्या तळावरून तो सेकंदाच्या विसाव्या भागात परततो. पण ट्रान्सड्यूसरच्या तोंडाखालून हवेचे बुडबुडे गेले की तो बहिरा होतो. म्हणून त्याची जागा पंख्याच्या बरीच पुढे, नाळेकडच्या अर्ध्यात. लाकडी बोटीचा तळ उतरता असतो, तेव्हा पाचर तासून त्याचं तोंड सरळ खाली करायचं. केबल इंजिनाच्या तारांपासून लांब न्यायची आणि मधे तोडून जोडायची नाही. तळाला रंग मारणाऱ्याला बजावायचं, की या चकतीवर जाड रंगाचा थर चढवू नकोस. एवढं केलं की पडद्यावर तळ बोलू लागतो. गाळ असेल तर रेघ बारीक, खडप असेल तर जाड, लाल, आणि तिच्याखाली दुसरा प्रतिध्वनी. वयस्क तांडेल हा फरक एका फेरीत शिकत. शिसं टाकून तळ चाचपायची त्यांना सवय होती, त्यामुळे पडदा त्यांना परका वाटलाच नाही.

त्याच वर्षांत दुकानं फोफावली. काही विक्रेते जुना माल नव्याच्या भावात खपवत आणि ट्रान्सड्यूसर हाताला येईल तिथे ठोकून देत. दर्यात गेल्यावर पडदाभर मुंग्या दिसत आणि मालक यंत्राला शिव्या घाली. आमच्याकडे ती बोट यायची तेव्हा निम्मा हंगाम हातचा गेलेला असे. कित्येक कोळ्यांचे कर्जाचे पैसे असे पाण्यात गेले. या लबाडीचा जाब कोणत्याही बंदरात कोणी विचारला नाही, हे मी विसरलेलो नाही.

जीपीएसने आणखी मोठी उलथापालथ केली. बापाने मुलाला सांगायची खूण आता ‘पॉइंट’ झाली. कळ दाबली की जागा साठली. आयुष्यभर दर्यात घालवून कमावलेलं ज्ञान एका संध्याकाळी एका यंत्रातून दुसऱ्यात उतरवता येऊ लागलं. नवख्या तांडेलाला अंधारात, धुक्यात बंदर सापडू लागलं, हे या यंत्राचं खरं पुण्य. पण त्याच खडपावर त्याच आठवड्यात दहा बोटी पोचू लागल्या. ज्या जागा केवळ सापडायला कठीण म्हणून वाचल्या होत्या, त्या उघड्या पडल्या. डोंगर आणि कळसाच्या रेषा जाणणारी माणसं एकेक करून गेली आणि त्यांच्या खुणा कोणी लिहून ठेवल्या नाहीत. याचं दुःख मला आजही आहे.

या सगळ्यात वायरलेसची सर्वांत जास्त हेळसांड झाली. व्हीएचएफचा चॅनल १६ हा संकटात हाक मारायचा चॅनल. त्यावर कान ठेवायचा तर सेट सुरू हवा. पण मासा लागला की वायरलेस बंद, कारण बोलणं ऐकून शेजारची बोट येईल. अँटेनाच्या जोडावर खाऱ्या हवेने हिरवा गंज चढे, रबरी टेपचे चार वेढे घालायला कोणाला सवड नसे. इंजिन सुरू करायची आणि यंत्रांची बॅटरी वेगळी ठेवा असं सांगून आम्ही थकलो. स्टार्टर मारला की दाब पडायचा आणि सेट झोपायचा. फिशफाइंडर बिघडला तर बोट दर्यात जात नसे. वायरलेस बिघडला तर पुढच्या फेरीला बघू म्हणत.

मग २००८चा नोव्हेंबर आला. पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट पळवून, तिच्या तांडेलाचा जीव घेऊन अतिरेकी मुंबईला पोचले. त्या बोटीवर उपग्रह फोन आणि जीपीएस सापडला. त्यानंतर सरकारच्या डोळ्यांत प्रत्येक बोट संशयाची झाली. नोंदणी, ओळखपत्रं, मोठ्या बोटींना ओळख आणि ठिकाण कळवणारं एआयएस. हे आवश्यक होतं, पण ते मच्छीमाराच्या गळी ‘तुमच्यावर नजर आहे’ याच सुरात उतरवलं गेलं. बोटीवर सरकारचं यंत्र म्हणजे पहारा, ही समजूत तेव्हा रुजली आणि आजपर्यंत गेली नाही.

पुढच्याच वर्षी, ११ नोव्हेंबर २००९ला, फयान चक्रीवादळ आलं. ऐन हंगामात बोटी खोल पाण्यात होत्या. कोकणातल्या कित्येक घरांतले पुरुष त्या वादळातून परतले नाहीत. त्यानंतरचे काही आठवडे आमच्याकडे रांग लागली आणि प्रत्येकाला वायरलेसच तपासून हवा होता. हंगाम संपला, रांग ओसरली आणि पुन्हा फिशफाइंडरची चौकशी सुरू झाली.

पुढची पंधरा वर्षं भराभर सांगता येतील, कारण त्यात तीच चूक मोठ्या खर्चाने पुन्हा झाली. इस्रो आणि तटरक्षक दलाचं संकटसूचक यंत्र आलं. बुडताना कळ दाबायची, उपग्रहावरून हाक जायची. पण पहिल्या पिढीच्या यंत्रात उलट उत्तर येण्याची सोय नव्हती. हाक कोणी ऐकली का, हे दाबणाऱ्याला कळत नसे. बोटीवरचा पैसा मात्र जनरेटर आणि एलईडी दिव्यांवर गेला. रात्री उजेड पाडून मासा गोळा करायचा आणि पर्ससीन जाळ्याने उचलायचा. राज्याने फेब्रुवारी २०१६मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने नोव्हेंबर २०१७मध्ये एलईडीवर बंदी आणली. तरी किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकरांची तक्रार संपलेली नाही.

त्याच २०१७च्या डिसेंबरात ओखी वादळातून वाचलेल्या केरळ-तमिळनाडूच्या ६८ बोटी आणि ९५२ मच्छीमार सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागले. खोल समुद्रात कितीतरी जणांपर्यंत इशारा पोचलाच नव्हता, कारण मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर संपते. आमच्या तेलंगणाला किनारा नाही, पण समुद्राचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेतून निघतो. पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य उपग्रहातून पाहून मासा कुठे असेल हे ती सांगते, लाटांचा इशाराही देते. तो इशारा दूरवर पोचावा म्हणून २०१९मध्ये ‘जेमिनी’ हे छोटं यंत्र आलं. आणि ३० ऑगस्ट २०२४ला पालघरमध्ये पंतप्रधानांनी एक लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू केली. खर्च सुमारे ३६० कोटी, बोटमालकाला फुकट. दोन्ही बाजूंनी संदेश जातो, हवामान कळतं, संकटाची हाक जाते. आम्ही ज्याची वाट पाहत होतो ते हेच यंत्र.

म्हणूनच जीव तुटतो. यंत्र उत्तम आहे, पण खाऱ्या हवेत, डगडगत्या बोटीवर, एकाच अशक्त बॅटरीवर ते किती दिवस चालेल, हे त्याच्या किमतीवर ठरत नाही. जोड गंजला तर बंदरात कोण दुरुस्त करणार? हंगामाआधी कोण तपासणार? मच्छीमाराला कोण पटवणार, की हा पहारेकरी नाही, तुझ्या घरच्यांचा दिलासा आहे? वाटप मोजणाऱ्या कोणत्याही कार्यालयाने याची उत्तरं आजवर दिलेली नाहीत, आणि ज्यांनी फयाननंतरही हा धडा घेतला नाही त्यांना मी माफ करू शकत नाही.

मिरकरवाडा, हर्णै, साखरीनाटे, देवगड, मालवण. या प्रत्येक बंदरात सरकारी पगारावर एक कारागीर आणि सुट्या भागांची एक पेटी ठेवा. तिथलीच आयटीआय झालेली कोळ्यांची मुलं घ्या, त्यांना दर्या शिकवावा लागणार नाही. दर जुलैत, बोट पाण्यात उतरण्याआधी, तिच्यावरून चाचणीची एक हाक लावून दाखवल्याशिवाय मासेमारीच्या परवान्याचं नूतनीकरण करू नका. यंत्रांसाठी वेगळी बॅटरी ही योजनेचाच भाग करा. आणि पुढच्या वर्षी आकडा छापायचाच असेल, तर बंदी उठेल त्या सकाळी उत्तर देणाऱ्या बोटींचा छापा.