गर्भवतीचे श्रम आणि गर्भवतीचा व्यायाम

‘गरोदरपणी व्यायाम करावा काय?’ हा प्रश्न देवास गेट भागातील माझ्या व्यवसायात मला वारंवार विचारला जातो. रेल्वे स्थानकालगतच्या या भागात शहर आणि खेडे दोन्ही भेटतात. एकीकडे शहरातील आपल्या मराठी कुटुंबांतील सुना येतात. त्यांच्या सासूबाई मोठ्या कौतुकाने सांगतात, “डॉक्टर, दिवस राहिल्यापासून हिला इकडची काडी तिकडे करू दिली नाही हो!” दुसरीकडे माळव्यातील खेड्यांतून आलेली शेतमजूर स्त्री असते. सातवा महिना लागला तरी तिचे सोयाबीनच्या शेतात वाकून काम करणे सुटलेले नसते. या दोघींना एकच सल्ला देणे वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही, असे माझे नम्र मत आहे.

या बाबतीत मार्गदर्शक ठरावा असा अभ्यास महाराष्ट्रातच झाला आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास केला. त्यांचा आहार तर नोंदवला गेलाच, शिवाय शेतकाम, पाणी भरणे व घरकाम अशा श्रमांचीही नोंद झाली. ज्या स्त्रियांचे श्रम अधिक, त्यांचे स्वतःचे वजन कमी वाढले. त्यांच्या बाळांचे वजन, डोक्याचा घेर व दंडाचा घेरही सरासरीने कमी भरला, असे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. त्या खेड्यांतील बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो होते. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. अपुरा आहार, विश्रांतीचा अभाव आणि श्रम हे तिन्ही एकत्र आले की बाळाच्या वाट्याचे पोषण घटते. अशा स्त्रीला व्यायाम सांगणे म्हणजे तिची थट्टाच होय. तिला हवा असतो विसावा, आणि दूध, पालेभाज्या, फळे यांचा घास.

मग पहिल्या सुनेने स्वस्थ बसावे काय? मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांत निरोगी गर्भवतीला आठवड्यातून किमान 150 मिनिटे मध्यम प्रतीच्या हालचालीची शिफारस केली आहे. कॅनडातील तज्ज्ञांच्या 2019 च्या मार्गदर्शिकेनुसार नियमित व्यायामाने गर्भावस्थेतील मधुमेह, रक्तदाब व प्रीएक्लॅम्प्सिया यांची शक्यता सुमारे 40 टक्क्यांनी कमी होते. स्नायू साखर वापरू लागले की इन्शुलिनचा परिणाम सुधारतो, हे त्यामागचे एक कारण. मन प्रसन्न राहते आणि बाळ प्रमाणाबाहेर मोठे होण्याचा धोकाही घटतो. निरोगी स्त्रीने बेताचा व्यायाम केल्याने गर्भपात होतो वा बाळ खुरटते, या भीतीला आधार सापडलेला नाही.

आमच्या पिढीतील डॉक्टरांना 1985 चा अमेरिकन नियम स्मरत असेल. त्यानुसार व्यायाम करताना नाडी 140 च्या वर जाऊ द्यायची नव्हती. तो नियम 1994 मध्येच मागे घेतला गेला. आज साधी कसोटी पुरते: चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

घरची वडीलधारी मंडळी आयुर्वेदाचा दाखला देतात. सुश्रुतसंहितेत गर्भिणीसाठी व्यायाम वर्ज्य सांगितला आहे, हे खरेच. परंतु त्याच ग्रंथात शरीराला आयास देणारे कर्म ते व्यायाम, अशी व्याख्या आहे. आयास आणि सकाळचे अर्धा तास फिरणे यांत फरक आहे, हे आजीबाईंना समजावून सांगितले तर त्यांना सहज पटते, असा माझा अनुभव आहे.

फिरणे, शिकवून घेतलेली सोपी योगासने आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम एवढे बहुतेकींना पुरेसे असते. सुरुवात दहा मिनिटांपासून करावी. माळव्याच्या उन्हाळ्यात ऊन चढण्यापूर्वीच फिरून यावे, पाणी भरपूर प्यावे. चौथ्या महिन्यानंतर फार वेळ उताणे झोपून व्यायाम करू नये. गर्भाशयाच्या भाराने मोठी शीर दबते. पडण्याचा वा पोटावर मार बसण्याचा संभव असलेले खेळ टाळावेत.

काही स्त्रियांनी मात्र आधी तपासणी, मगच व्यायाम हा क्रम पाळावा. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, वार खाली असणे, गर्भाशयाच्या मुखास टाका घातलेला असणे, मुदतीपूर्व कळा, प्रीएक्लॅम्प्सिया, हृदयविकार किंवा तीव्र पांडुरोग असल्यास व्यायाम करू नये. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 52.2 टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला होता. म्हणून हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय सल्ला देऊ नये. व्यायाम करताना चक्कर, छातीत दुखणे, धाप, पोटरीत सूज वा वेदना, किंवा बाळाची हालचाल मंदावल्यासारखे वाटल्यास तत्काळ थांबून डॉक्टरांना गाठावे.

व्यावसायिक बंधू-भगिनींना एक विनंती. 2016 पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत दर महिन्याच्या 9 तारखेला शासकीय केंद्रांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. तेथे आणि आपल्या खासगी दवाखान्यातही वजन व रक्तदाबाच्या जोडीला “दिवसभर काय काम करता?” हा प्रश्न अवश्य विचारावा. उत्तर ऐकूनच एकीच्या कागदावर ‘रोज अर्धा तास चालणे’ आणि दुसरीच्या कागदावर ‘दुपारी दोन तास विश्रांती’ असे लिहावे. आणि ते सोबत आलेल्या सासूबाईंना व पतिराजांना वाचून दाखवावे. कारण सल्ला पाळला जाणे पुष्कळदा त्यांच्याच हाती असते.