ग्लोव्ह्ज घेतलेत, पण क्लासला पाय वळत नाहीत?



या आठवड्याचा व्हिडिओ बॉक्सिंगवर आहे. काही जण म्हणतील, सर, चॅनल धंद्याचं आणि मध्येच हे काय काढलंत? थोडं थांबा. आठ मिनिटांच्या व्हिडिओत जे मावलं नाही, ते इथे सविस्तर लिहितोय.

तुम्हाला माहीत आहेच, माझं कोल्हापुरात स्पोर्ट्सच्या सामानाचं दुकान आहे. आता कोल्हापूर म्हणजे कुस्ती. इथे पोरगं तालमीत गेलं तर घरचे दूध वाढवतात, पण बॉक्सिंगला जातो म्हटलं की "कशाला नाक फोडून घेतोस?" असा पहिला प्रश्न येतो. तरी गेल्या काही वर्षांत ग्लोव्ह्ज मागणारं गिऱ्हाईक वाढलंय. त्यात विशीतली पोरं आहेत, तशीच पस्तिशीतली बँकेतली माणसंही आहेत. ग्लोव्ह्ज हातात घालतात, दुसऱ्या तळव्यावर दोन ठोसे मारून बघतात, आणि मग आवाज खाली घेऊन विचारतात, "दादा, माझं वय जास्त नाही ना झालं?" किंवा "लागतं का ओ खूप?"

यातली बरीच मंडळी ग्लोव्ह्ज घेऊन जातात. दोन महिन्यांनी कुठे भेटली की मी विचारतो, काय, क्लास कसा चाललाय? उत्तर ठरलेलं असतं. "अजून लावला नाही. जरा स्टॅमिना वाढवतो, मग जातो."

हे वाक्य मी माझ्या ट्रेनिंग बॅचमध्येही दर आठवड्याला ऐकतो, फक्त शब्द वेगळे असतात. "जरा भांडवल जमू दे, मग सुरू करतो." स्टॅमिना वाढवायलाच तर क्लास असतो ना! तसंच पहिली १० गिऱ्हाइकं झाल्याशिवाय किती भांडवल लागणार आहे हे कळत नाही. म्हणून हा विषय आपल्या चॅनलचाच आहे.

आता भीती नेमकी कशाची? लोक सांगतात माराची. मी स्वतः दोन वर्षं सकाळच्या बॅचला जातोय. तिथे नवीन येणाऱ्यांना बघून माझं मत असं झालंय की माराची भीती दुसऱ्या नंबरला असते. पहिली भीती बघितलं जाण्याची. आपल्याला दोरी मारता येणार नाही, १५ वर्षांचा पोरगा आपल्यापेक्षा चांगलं खेळेल आणि सगळे हसतील, ही.

आणि ही भीती फक्त नवख्यालाच असते असं अजिबात नाही. एक उदाहरण देतो. १९५२ चं हेलसिंकी ऑलिंपिक आपल्याला खाशाबा जाधवांच्या ब्राँझमुळे माहीत आहे. त्याच ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या फ्लॉइड पॅटरसन नावाच्या १७ वर्षांच्या पोराने बॉक्सिंगमध्ये मिडलवेट गटाचं गोल्ड जिंकलं. पुढे १९५६ मध्ये, २१ व्या वर्षी, तो जगाचा हेवीवेट चॅम्पियन झाला. हाच माणूस १९६२ मध्ये सनी लिस्टनशी लढायला शिकागोला गेला, तेव्हा त्याच्या सामानात खोटी दाढी-मिशी होती. हरलो तर लोकांना तोंड कसं दाखवायचं, म्हणून आधीच सोबत घेतलेली! पहिल्याच राउंडला हरला आणि ती दाढी लावूनच तिथून निघाला. विचार करा, ऑलिंपिकचं गोल्ड आणि जगाचा बेल्ट असूनही "लोक काय म्हणतील" सुटलं नव्हतं. तरीही तो पुढच्या वर्षी त्याच लिस्टनसमोर परत उभा राहिला. तेव्हाही पहिल्याच राउंडला हरला, पण खेळणं सोडलं नाही. पुढे बरीच वर्षं खेळत राहिला.

पॅटरसनचे कोच कस डमाटो. तेच पुढे माईक टायसनचे कोच झाले. ते पोरांना सांगायचे की भीती आगीसारखी असते, ताब्यात असली तर कामाला येते आणि सुटली तर घर जाळते. टायसनचंही बघा. १९८२ च्या ज्युनियर ऑलिंपिक स्पर्धेतलं एक जुनं चित्रीकरण आहे. फाइटच्या आधी हा दांडगा पोरगा हॉलबाहेर ट्रेनर टेडी अ‍ॅटलसच्या खांद्यावर डोकं ठेवून रडतोय. नंतर आत गेला आणि जिंकला. "भीती गेली की सुरू करू" म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. टायसनची गेली नव्हती, मग तुमची-माझी क्लास लावायच्या आधीच कशी जाणार?

बरं, क्लासमध्ये प्रत्यक्षात काय होतं, ते माहीत नसल्यामुळे निम्मी भीती असते. तर ऐका. चांगल्या क्लासमध्ये पहिले काही आठवडे तुम्हाला कोणी हात लावत नाही. पहिल्या दिवशी हँडरॅप बांधायला शिकवतात. साधारण साडेचार मीटरची पट्टी, अंगठ्यापासून सुरू करून मनगट, मुठीची हाडं, बोटांच्या मधून. पहिल्यांदा ती हमखास सुटते. मग उभं राहायला शिकवतात. उजवा माणूस असाल तर डावा पाय पुढे, हनुवटी खाली, हात गालाजवळ. नंतर चालायला! हसू नका, पाय एकमेकांत न अडकवता पुढे-मागे सरकायला पंधरा दिवस जातात. मग एकच ठोसा शिकवतात, जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. तो आरशासमोर, नंतर बॅगवर, नंतर सरांच्या पॅडवर. त्यानंतर जोडीदारासोबत ठरवून खेळायचं, म्हणजे तो फक्त जॅब मारणार आणि तुम्ही फक्त अडवणार. एवढं झाल्यावर मोकळं स्पॅरिंग, तेही मोठ्या, १६ औंसच्या ग्लोव्ह्जने.

स्पॅरिंगला पहिल्यांदा उभं राहिलात की दोन गोष्टी होणारच. समोरून हात आला की डोळे मिटतील आणि मान वळेल. ही शरीराची उपजत सवय आहे, भित्रेपणा नव्हे. आमचे सर यावर साधा उपाय करतात. जोडीदार हळूच ग्लोव्ह कपाळाला टेकवत राहतो आणि तुम्ही त्याच्या छातीकडे बघत राहायचं. रोज दोन मिनिटं. काही आठवड्यांत डोळे उघडे राहायला लागतात. दुसरी गोष्ट म्हणजे श्वास. घाबरलेला माणूस श्वास धरून ठेवतो, आणि रोज पाच किलोमीटर पळणारा गडीसुद्धा एका मिनिटात दमून दोरीला टेकतो. लोकांना वाटतं स्टॅमिना कमी पडला. तसं नसतं, श्वासच घेतलेला नसतो. म्हणून प्रत्येक ठोशाबरोबर नाकातून "फुस्स" करून हवा सोडायची. सुरुवातीला लाज वाटते, पण तो आवाज काढाच.

धंद्यात पहिल्या फोनला हेच होतं बरं का. दुकानदाराला सॅम्पल दाखवायला गेलेला नवा माणूस श्वास न घेता सगळं एका दमात बोलून टाकतो.

आता एक भीती मात्र खरी आहे आणि ती मी कमी करून सांगणार नाही. डोक्याला मार बसतो. हेडगार्डमुळे जखमा कमी होतात, पण आतल्या मेंदूचा धक्का त्याने थांबत नाही. पुरुषांच्या वरच्या गटात तर २०१३ पासून हेडगार्ड काढूनच टाकलेत. त्यामुळे ठोसा बसल्यावर डोकं दुखलं, मळमळलं, अंधारी आली, तर त्या दिवशीचं खेळणं बंद आणि डॉक्टरांकडे. ते हो म्हणेपर्यंत स्पॅरिंग नाही. "काय होत नाही रे, पुरुष माणूस ना तू" म्हणणारा कोच असेल तर तो क्लास सोडा, फी बुडाली तरी चालेल. क्लास लावायच्या आधी दोन दिवस नुसते जाऊन बसा. पहिल्या आठवड्यातल्या पोराला जुन्याच्या समोर उभं करून बाकीचे मजा बघत असतील, तर तिथून उठून या. आणि सरांना सरळ विचारा, नवीन माणसाला स्पॅरिंग किती दिवसांनी देता? फक्त फिटनेससाठी यायचं असेल आणि स्पॅरिंग कधीच नको असेल, तर तसंही सांगा. त्यात काहीही कमीपणा नाही.

खर्चाचंही बोलू, कारण तोही बहाणा असतो. माझं दुकान असूनही सांगतो, पहिल्या दिवशी महागडे ग्लोव्ह्ज घेऊ नका. फक्त हँडरॅप घ्या, ते दोन-तीनशेत येतात. ग्लोव्ह्ज बहुतेक क्लासमध्ये मिळतात. वास मारतात, पण मिळतात. महिनाभर टिकलात की मग या माझ्याकडे.

वयाचं म्हणाल, तर स्पर्धेच्या एलिट गटाची मर्यादाच १९ ते ४० वर्षं आहे. तीन-तीन मिनिटांचे तीन राउंड, मध्ये एकेक मिनिट विश्रांती, आणि फाइटच्या आधी डॉक्टरांची तपासणी.

आमच्या बॅचमध्ये एक ताई आहेत, वय ३१, डब्यांची मेस चालवतात. मुलासाठी ग्लोव्ह्ज बघायला आल्या आणि स्वतःच्या मापाचे घालून बराच वेळ उभ्या राहिल्या. क्लासच्या दारापर्यंत तीनदा येऊन परत गेल्या. अडचण एकच, मेसची गिऱ्हाइकं ट्रॅकपँटमध्ये बघतील. चौथ्यांदा सरांनी त्यांच्या हातात स्टॉपवॉच दिलं आणि म्हणाले, "ताई, आमचा वेळ लावणारा आज आला नाही, जरा बघता का?" आठवडाभर त्या खुर्चीवर बसून "टाइम!" ओरडत होत्या. हातात काम होतं, त्यामुळे "इथे माझं काय काम" हा प्रश्नच उरला नाही. पुढच्या सोमवारी खुर्चीवरून उठल्या आणि रॅप बांधायला लागल्या. माझ्या नवीन बॅचला मी हल्ली हीच युक्ती सांगतो. ज्या धंद्यात उतरायचंय, तिथे आधी कुणाच्या तरी स्टॉलवर दोन दिवस नुसते पैसे मोजायला बसा.

त्यांच्या पहिल्या स्पॅरिंगला नाकावर जॅब बसला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. नाकावर लागलं की ते येतंच. सगळे थांबले. ताई म्हणाल्या, "एवढंच होय?"

त्याच महिन्यात त्यांनी दोन वर्षं रखडलेला डब्याचा दर १० रुपयांनी वाढवला. तीन गिऱ्हाइकं गेली, बाकीची राहिली. हे बॉक्सिंगमुळे झालं असं मी म्हणणार नाही, तेलाचे भाव बघता ते करायलाच लागणार होतं.

पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या स्पर्धेत त्यांची पहिली फाइट आहे, ५७ किलो गटात. काल काट्यावर ५८ किलो ६०० ग्रॅम भरल्या, म्हणून संध्याकाळचा भात बंद आहे. दोन दिवस मेस सासूबाई बघणार आहेत. नवरा मोबाईलवर शूटिंग करणार आहे, पण निकाल लागेपर्यंत स्टेटसला टाकायचं नाही, असं त्याला बजावून ठेवलंय.