धावत्या लेकीचा फोटो

गेल्या हिवाळ्यात भाचीची सॉफ्टबॉलची मॅच बघायला पुण्यात आले होते. गावी तिचे आजोबा, म्हणजे आमचे दादा, म्हणत होते, “उन्हात धावून काय मिळतं पोरीला?” म्हटलं, फोटोच दाखवावा. पन्नासेक काढले. घरी जाऊन बघते तर कुठे नुसती धूळ, कुठे पाठ, कुठे पंचांचे पाय. भाची काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

चूक फोनची नव्हती. पिचर बॅटरपासून जेमतेम 43 फुटांवर असते. चेंडू ताशी 80 किलोमीटरने आला तर सेकंदात 22 मीटर जातो. कॅमेऱ्याची झडप, म्हणजे शटर, सेकंदाचा पन्नासावा भाग उघडी राहिली तर तेवढ्यात चेंडू हातभर सरकतो आणि फोटोत नुसता फराटा उमटतो. हजारावा भागच उघडली तर दोन-सव्वादोन सेंटिमीटर. फोनमध्ये ‘प्रो’ असेल तर शटर 1/1000 वर ठेवा. नसेल तर लख्ख उजेडात काढा, मग फोन आपणच झडप लवकर मिटतो. ऊन मात्र आपल्या पाठीशी हवं.

उजव्या हाताने खेळणारी बॅटर पहिल्या बेसच्या बाजूला तोंड करून उभी असते. म्हणून त्या बाजूला, जाळीबाहेर थांबा. खाली बसलात तर हेल्मेटच्या सावलीतला चेहराही दिसतो. पण सारखं फोनमध्ये डोकं नको. हा चेंडू नावालाच सॉफ्ट आहे!

चेंडूमागे फोन फिरवू नका. मी तेच केलं होतं. घडणार कुठे, ते आधी हेरा. दुसऱ्या बेसवर मुली घसरत येतात. तिथे पडद्यावर बोट दाबून फोकस धरा, आणि ती पोचायच्या जरा आधीच बटण दाबून ठेवा. फोटो एकामागून एक निघतात. काही फोनमध्ये बटण दाबून बाजूला ओढावं लागतं, ते घरीच करून बघा. बोटांनी चित्र जवळ ओढू नका, फुटतं. नंतर कापा. गावात खो-खो असेल तर खांबाजवळ बसा, तिथेच झेप असते.

आणि दुसऱ्यांच्या मुलींचे फोटो ग्रुपवर टाकण्याआधी त्यांना आणि त्यांच्या घरी विचारा.

पुढच्या मॅचला साठातला एक जमला. धुळीत घसरलेली भाची, दात घट्ट आवळलेले, पाय बेसवर. दादांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला. मग विचारलं, “आऊट झाली का गं?”