दहा रुपये तुमचे, सवलत कुणाची?

मॉलच्या काउंटरवर किंवा फोनवरून जेवण मागवताना ‘मुलांच्या शिक्षणासाठी १० रुपये देणार का?’ असा प्रश्न आला की बरोबरचा कुणीतरी हमखास कोपराने ढोसतो आणि म्हणतो, “देऊ नकोस. आपले पैसे घेतात आणि त्यावर स्वतःचा टॅक्स वाचवतात.” म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर गुपित फोडल्याचं समाधान असतं. व्हॉट्सअ‍ॅपवरही हेच फिरतं, कधी अमेरिकन दुकानांचे व्हिडिओ जोडून, कधी नुसतंच. वाणिज्य शाखेची पदवी असलेले लोकही ते बिनदिक्कत पुढे ढकलतात, याचा मला जास्त वैताग येतो. कारण हे चूक आहे, आणि चूक असल्याचं पाचवीच्या गणितानेही दाखवता येतं.

आधी दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या करू. एका प्रकारात तुमच्या बिलावर दानाची स्वतंत्र ओळ येते. वस्तूची किंमत ४९०, दान १०, एकूण ५००. हे दहा रुपये तुमचे आहेत आणि दान तुम्ही करताय. दुसऱ्या प्रकारात तुम्ही ठरलेल्या किमतीलाच वस्तू घेता आणि कंपनी म्हणते, ‘या विक्रीतला अमुक भाग आम्ही सामाजिक कामाला देऊ.’ आयटीसीच्या क्लासमेट वह्यांवरचं, दर चार वह्यांमागे १ रुपया देण्याचं आश्वासन याच जातीचं. २००५ साली सुरू झालेली प्रॉक्टर अँड गॅम्बलची ‘शिक्षा’ मोहीमही त्यातलीच. इथे पैसे कंपनीच्या उत्पन्नातून जातात. या दोन्हींची खिचडी केली की गैरसमज आपोआप शिजतो.

पहिल्या प्रकारात कंपनी फक्त मधली आहे. दिवाळीत सोसायटीचा सेक्रेटरी घरोघर फिरून वॉचमनच्या बक्षिसीचे पैसे गोळा करतो, म्हणून ते त्याचं उत्पन्न होत नाही आणि वॉचमनला दिले म्हणून त्याचं दानही होत नाही. कंपनीच्या हिशेबातही हे पैसे विक्रीत धरायचे नसतात. संस्थेला पोचते होईपर्यंत ते ताळेबंदात ‘देणे’ म्हणून उभे राहतात. जे उत्पन्न नाही त्यावर कर नाही, आणि कर नाही तर वाचवायचं काय?

तरीही ‘पण समजा’ म्हणणारे असतात. ठीक आहे, समजा. कंपनीने तुमचे १० रुपये स्वतःचं उत्पन्न म्हणून दाखवले आणि ते स्वतःच्या नावाने एखाद्या नोंदणीकृत संस्थेला दिले. १९६१च्या प्राप्तिकर कायद्यातल्या कलम ८०जी खाली (२०२५च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत) बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीवर वजावट मिळते ती निम्म्या रकमेची. म्हणजे उत्पन्न वाढलं १० रुपयांनी, वजावट मिळाली ५ रुपयांची, आणि उरलेल्या ५ रुपयांवर कर लागला. २२ टक्क्यांचा सवलतीचा दर निवडलेल्या कंपनीला तर ८०जीची वजावट मुळात मिळतच नाही. अधिभार आणि उपकर धरून तो दर २५.१७ टक्क्यांवर जातो. अशा कंपनीने तुमचे दहा रुपये स्वतःचे म्हणून दाखवले, तर तिला वर अडीच रुपये पदरचे भरावे लागतील. ही करबचत नव्हे, दिवाळखोरीकडची वाटचाल आहे.

आता एकच वाट उरली. उत्पन्नात दाखवायचं नाही, पण दान मात्र आपलं म्हणून दाखवायचं. ही सरळ करचोरी झाली. ती अशक्य आहे असं मी म्हणत नाही, कुठलीही चोरी अशक्य नसते. पण ८०जीची मान्यता असलेल्या संस्थांना देणगीदारांचं विवरण आयकर खात्याला द्यावं लागतं आणि देणगीदाराला त्यावरूनच प्रमाणपत्र मिळतं. कोट्यवधींचा व्यवहार करणारी, दरवर्षी लेखापरीक्षण होणारी कंपनी दहा-दहा रुपयांसाठी असा कागदोपत्री पुरावा मागे ठेवेल, हे गृहीत धरायला फारच भाबडं मन लागतं. गंमत म्हणजे असं म्हणणारे स्वतःला अतिशय चाणाक्ष समजत असतात.

करसवलत असलीच तर ती तुमची आहे. पॅन देऊन संस्थेकडून पावती आणि प्रमाणपत्र घेतलंत, आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असलात, तर वजावट तुम्हाला. नव्या प्रणालीत ती नाही. दहा रुपयांसाठी हा खटाटोप कुणी करत नाही, ही गोष्ट वेगळी.

या गैरसमजाच्या मुळाशी आणखी एक गोंधळ आहे, आणि तो दुसऱ्या प्रकाराबद्दलही तितकाच पसरलेला आहे. लोकांना वाटतं, ‘टॅक्समधून वजा होतं’ म्हणजे फुकट झालं. वजावट करातून मिळत नाही, करपात्र उत्पन्नातून मिळते. कंपनीने स्वतःचे १०० रुपये दिले आणि ते पूर्णच्या पूर्ण वजा झाले, तरी कर वाचेल तो पंचवीस रुपयांच्या आसपास. उरलेले पंचाहत्तर गेलेच. पंचवीस वाचवण्यासाठी शंभर घालवणारा मुनीम कुठल्या पेढीवर टिकेल?

मग कंपन्या हे करतात कशासाठी? विक्रीसाठी. यात गुपित काहीच नाही. १९८३ साली अमेरिकन एक्सप्रेसने स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या डागडुजीसाठी कार्डाच्या प्रत्येक वापरामागे एक सेंट आणि प्रत्येक नव्या कार्डामागे एक डॉलर द्यायचं जाहीर केलं. या पद्धतीला आज जे इंग्रजी नाव आहे ते याच मोहिमेपासून रूढ झालं. जमले सुमारे १७ लाख डॉलर. कार्डाचा वापर पाव पटीहून जास्त वाढला आणि नव्या कार्डांसाठीचे अर्जही भराभर आले. जाहिरातीवरचा खर्च दानापेक्षा मोठा होता. हा सौदा कंपनीला फायद्याचा ठरला, पुतळ्यालाही ठरला. त्यात आयकर खात्याला फसवण्याची गरज कुणालाच पडली नाही.

करचोरीच्या या आवडत्या कथेचा खरा तोटा हा की लोक चुकीच्या खिशाकडे बघत बसतात. संशय घ्यायला जागा आहे, पण ती आश्वासनाच्या शब्दांत आहे. अमेरिकेतल्या योप्ले दह्याचं उदाहरण बघा. डब्याचं झाकण धुऊन परत पाठवा, प्रत्येक झाकणामागे स्तनांच्या कर्करोगावरच्या संशोधनाला ५० सेंट देऊ, असं आवाहन होतं. १९९९च्या मोहिमेत सुमारे ९४ लाख झाकणं आली. गुणाकार केला तर ४७ लाख डॉलर होतात. पण कंपनीने देणगीची कमाल मर्यादा ठेवली होती १ लाख डॉलर. जॉर्जिया राज्याने हरकत घेतल्यावर कंपनीने आणखी ६३ हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. म्हणजे हजारो बायकांनी चिकट झाकणं धुऊन, पाकिटात घालून, टपालखर्च करून पाठवली, आणि त्यातल्या बहुतेक झाकणांमुळे एक सेंटही वाढला नाही. यात कुणी कर चुकवला नव्हता. ‘कमाल मर्यादा’ हे दोन शब्द लोकांच्या नजरेत भरले नव्हते, एवढंच.

मोघम शब्दांची गोष्ट तर याहून सर्रास. प्रासेयस, ओल्सन आणि ब्राउन या संशोधकांनी इंटरनेटवरच्या अशा ऑफरी तपासल्या, तेव्हा दहापैकी सुमारे सात ठिकाणी ‘उत्पन्नाचा काही भाग’ अशा धर्तीचं वाक्य सापडलं. काही भाग म्हणजे किती? एक पैसाही ‘काही’ असतोच. याच तिघांच्या २००३च्या दुसऱ्या अभ्यासात आणखी मजेशीर गोष्ट दिसली. ‘नफ्याच्या दहा टक्के’ असं लिहिलेलं असलं तरी वाचणारे ते किमतीच्या दहा टक्के म्हणून धरतात. २०० रुपयांच्या शाम्पूवर कंपनीला ३० रुपये नफा होतो असं धरा. किमतीच्या दहा टक्के म्हणजे २० रुपये, नफ्याच्या दहा टक्के म्हणजे ३. वहीवरचं ‘चार वह्यांमागे १ रुपया’ हे वाक्य मला म्हणूनच आवडतं. ६० रुपयांची वही धरली तर हे अर्धा टक्काही होत नाही, पण निदान ते तुम्हाला मोजता येतं. कमी असेल, पण लपवलेलं नाही.

आणि सीएसआर, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी कायद्याने करायचा सामाजिक खर्च. ‘आपल्या पैशावर सीएसआर भागवतात’ ही मूळ अफवेची धाकटी बहीण. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष लागू झाला की कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करायची असते. स्वतःच्या नफ्यातून. ग्राहकांकडून जमवलेली रक्कम त्यात मोजायची नसते. या खर्चाला व्यवसायाचा खर्च म्हणून वजावटही नाही, २०१४पासून ती कायद्यानेच बंद आहे. शिवाय २०२१च्या सुधारित नियमांनी, आपल्या मालाच्या प्रसिद्धीसाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलं.

विचारायचा प्रश्न नेमका उलटा आहे. ‘तुम्ही हा साबण घेतलात म्हणून एक मूल शाळेत जाईल’ असं कंपनी म्हणते, ते पैसे ती कायद्याने तसेही खर्च करणारच होती का? तसं असेल तर तुमच्या साबणाने त्या मुलाचं काहीच बदललं नाही. तुम्ही दुसऱ्या कंपनीचा साबण घेतला असतात तरी ते शाळेत गेलंच असतं. मोठ्या कंपन्यांच्या सीएसआर खर्चाची माहिती केंद्र सरकारच्या पोर्टलवर कुणालाही बघता येते. कोपराने ढोसण्याइतकं ते सोपं नाही, हे मान्य.

काउंटरवरच्या दानाबद्दल चिडायचंच असेल तर त्यालाही योग्य जागा आहे. ऑनलाइन खरेदीत दानाच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण केलेली असणं, आणि ती न काढल्यास पैसे आपसूक जाणं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ क्लृप्त्यांची यादी आहे, आणि ग्राहकाच्या संमतीशिवाय बिलात देणगी घुसवणं त्यात नाव घेऊन नोंदलेलं आहे. नकार देणाऱ्याला ‘दान श्रीमंतांनी करावं, मला काय त्याचं’ अशा अर्थाच्या बटणावर बोट ठेवायला लावून ओशाळवाणं करणं, हेही त्याच यादीतल्या एका उदाहरणात येतं. दहा रुपये द्यायचे की नाही हे तुम्ही ठरवायचं. तुमच्या विसरभोळेपणाने नव्हे.

किरकोळ गैरसमजांकडे आता भराभर.

‘ही दानं म्हणजे चिल्लर, त्याने काय होणार?’ अमेरिकेत काउंटरवर असे पैसे जमवणाऱ्या मोठ्या मोहिमांनी २०२२ या एका वर्षात सुमारे ७५ कोटी डॉलर गोळा केले.

‘कंपनी मोठी म्हणजे मदतही मोठी.’ अ‍ॅमेझॉनची ‘स्माइल’ योजना किमतीच्या अर्धा टक्का द्यायची, संस्था दहा लाखांहून जास्त. प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी २३० डॉलरही येईनात. मदत फार पातळ पसरते असं सांगून कंपनीनेच ती योजना फेब्रुवारी २०२३मध्ये बंद केली.

‘एकावर एक दान, म्हणजे गरिबाचं भलं झालंच.’ टॉम्स कंपनी एका बुटाच्या जोडामागे एक जोड गरीब मुलाला द्यायची. एल साल्वादोरमध्ये अर्थतज्ज्ञांनी नीट तुलना करून पाहिलं, तर मुलांच्या आयुष्यात फारसा फरक आढळला नाही. कंपनीने पुढे ती पद्धत सोडून नफ्यातला एक तृतीयांश हिस्सा द्यायला सुरुवात केली.

‘वस्तू घेतली, म्हणजे माझा वाटा देऊन झाला.’ कंपन्यांना हेच हवं असतं. अराधना कृष्णा यांच्या २०११च्या प्रयोगांत अशा वस्तू घेणाऱ्यांनी नंतर थेट दान कमी केल्याचं दिसलं.

‘पैसे घेणारी संस्था स्वतंत्रच असते.’ नेहमी नाही. झोमॅटोच्या बिलावर जिचं नाव येतं ती ‘फीडिंग इंडिया’ २०१९पासून झोमॅटोच्याच छत्राखाली आहे. यात बेकायदा काही नाही, पण माहीत असलेलं बरं.

‘पैसे संस्थेपर्यंत पोचतच नाहीत.’ सरसकट असं म्हणायला आधार नाही, आणि ‘पोचतातच’ असं मानायलाही नाही. संस्थेचं नाव बिलावर असेल तर तिची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे किंवा केंद्राच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर शोधता येते. नाव न देता नुसतंच ‘गरजू मुलांसाठी’ लिहिलं असेल तर सरळ ‘नको’ म्हणा आणि कंपनीच्या ग्राहक कक्षाला विचारा, पैसे कुणाला दिले, किती आणि कधी. काउंटरवरच्या मुलाला मात्र हे विचारू नका. त्याला फक्त प्रत्येक गिऱ्हाईकाला तो प्रश्न करायला सांगितलेलं असतं, आणि मागे रांग वाढत असते.