डिस्चार्ज कार्डाच्या पुढे

आमच्या गावातल्या रुग्णालयाने हृदयरुग्णांचा व्यायामवर्ग परवा बंद केला. त्या खोलीत आता तपासण्यांची ‘पॅकेजेस’ विकली जातात. रुग्ण येत नाहीत, हे कारण. डॉक्टरांनी पाठवलेच नाहीत, तर येतील कुठून?

हृदयोपचारांचा इतिहास म्हटला की १९६८ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. सेनांनी केलेलं हृदयारोपण, १९७७ साली झुरिचमध्ये डॉ. ग्रुन्ट्झिग यांनी फुग्याने उघडलेली धमनी, यावर पुष्कळांनी लिहिलंय. माझा जीव अडकलाय नव्वदच्या दशकात, कारण माझी बायपास तेव्हाची.

तेव्हा वॉर्डात मुक्काम लांबायचा. छातीशी उशी धरून खोकायचं कसं, हे फिजिओथेरपीच्या बाई शिकवत. हात धरून जिना चढवत. दोन मजले न थांबता, धाप न लागता चढलात की नवराबायकोंनी वेगळं निजायचं कारण नाही, असं भर वर्गात सांगत. माना खाली जात, कान मात्र तिकडेच.

घरच्यांनी मला काचसामान करून टाकलं. पिशवी उचलायची नाही, वाद घालायचा नाही. ऑफिसात हलकं टेबल मिळालं आणि बढतीच्या यादीतून नाव गळालं. ‘तुमच्याच काळजीपोटी’, साहेब म्हणाले. ती काळजी मी अजून विसरलेलो नाही. वर्गातले एक सोबती रात्र रात्र स्वतःची नाडी धरून बसत. रिपोर्ट उत्तम, माणूस खचलेला. डिप्रेशन हा शब्द तेव्हा कुणी उच्चारत नसे, पण बाईंना चेहऱ्यावरून कळायचं. त्या त्यांना चालायला माझ्याबरोबर जोडून देत.

पुढे स्टेंटचा जमाना आला आणि माणसं दोन-तीन दिवसांत घरी जाऊ लागली. फेब्रुवारी २०१७मध्ये सरकारने औषध लावलेल्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर आणली, हे फार चांगलं झालं. पण जन्मभराच्या गोळ्या परवडत नाहीत म्हणून एक दिवसाआड घेणाऱ्याची, धास्तीने दुकान बंद करून बसलेल्याची विचारपूस कोण करणार? वर्गाने फरक पडतो. भारतातल्या २४ केंद्रांत झटका येऊन गेलेल्या सुमारे चार हजार रुग्णांवर झालेल्या योगवर्गाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२०मध्ये आले. मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्याचं प्रमाण ठळकपणे घटलं नाही, पण रुग्णांना स्वतःची तब्येत बरी वाटू लागली, पूर्वीची कामं जास्त जमू लागली. आम्हाला दुसरं काय हवं असतं?

तेव्हा डिस्चार्ज घेताना बिलाबरोबर एवढं विचाराच: जिना कधी, काम कधी, शेजेचं काय, आणि झोप उडाली तर कुणाकडे जायचं? उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.