विकत घेतली आपण, कळ मात्र त्यांच्याकडे

अल्लीपुरात 'स्मार्ट होम' हा शब्द कोणी बोलत नाही. वस्तू मात्र आल्या आहेत. दुकानाच्या गल्ल्यावर नजर ठेवणारा वायफाय कॅमेरा, मोबाइलवरून रंग बदलणारा बल्ब, आवाज दिला की बोलणारा स्पीकर, एखाद्या घरी दारावरची कॅमेऱ्याची बेल. मुलगा पुण्याला किंवा दुबईला असला की सुट्टीत येताना असे काहीतरी घेऊन येतो. अम्मी-अब्बू घरी एकटे असतात, तिकडून बघता येईल, असा त्याचा विचार असतो. तोच वस्तू बसवतो, तोच सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ॲप टाकून देतो आणि सुट्टी संपली की परत जातो. त्यात वावगे काही नाही. पण या वस्तूंबद्दलची एक गोष्ट दुकानदार सांगत नाही आणि घेणाराही विचारत नाही. यातल्या बहुतेक वस्तू आपल्या घरातून चालतच नाहीत.

साधा बल्ब भिंतीवरच्या बटणाने लागतो. तार आपल्या घरातली, बटण आपल्या घरातले. मोबाइलच्या बल्बचे तसे नाही. आपण पलंगावर पडून मोबाइलवर बोट ठेवतो. तो निरोप इंटरनेटवरून कंपनीच्या कुठल्यातरी दूर गावच्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर जातो. तिथे आपले खाते तपासले जाते आणि 'हो, हे गिऱ्हाईक आपलेच' असे ठरले की निरोप परत फिरून आपल्याच खोलीतल्या बल्बपर्यंत येतो. हे सगळे डोळ्याची पापणी लवेपर्यंत होते, म्हणून आपल्याला कळत नाही. पण ज्याच्या दारातून रोज जावे लागते, तो एक दिवस दार लावूनही घेऊ शकतो. सगळ्यांसाठी, किंवा फक्त आपल्यासाठी.

फक्त एकासाठी दार लावल्याची गाजलेली घटना एप्रिल २०१७ मधली, अमेरिकेतली आहे. मोटार ठेवण्याच्या गॅरेजचे दार मोबाइलवरून उघडणारे 'गॅराजेट' नावाचे छोटे यंत्र तिथे ९९ डॉलरला मिळत होते. एका गिऱ्हाइकाने ते ॲमेझॉनवरून घेतले. आयफोनवरचे ॲप नीट चालेना. त्याने चिडून, जरा उर्मट भाषेतच तक्रार लिहिली आणि ॲमेझॉनवर यंत्राला एक तारा देऊन ते भंगार असल्याचे लिहून टाकले. कंपनी लहान, जवळजवळ एका माणसाची. मालक डेनिस ग्रिसाक यांनी उत्तरात त्या गिऱ्हाइकाच्या यंत्राचा क्रमांकच लिहिला आणि कळवले की या क्रमांकाच्या यंत्राला आता आमच्या सर्व्हरची जोडणी मिळणार नाही, वस्तू ॲमेझॉनला परत करून पैसे घ्या. चांगले असलेले यंत्र त्या क्षणी प्लास्टिकचा डबा झाले. जगभर बोंब झाली तेव्हा मालकांनी जोडणी पुन्हा सुरू केली. त्यांचे म्हणणे असे की वाईट अभिप्रायाचा हा बदला नव्हता, त्या त्रासदायक माणसापासून फक्त दूर व्हायचे होते.

मला त्या मालकांचा राग पूर्ण येत नाही. कटकटी गिऱ्हाईक काय असते हे दुकानदाराला विचारा, आणि कटकटी पालक काय असतो हे आम्हा शिक्षकांना. रात्री अकराला फोन करून मुलाचे दोन गुण का कापले म्हणून शिव्याच्या काठावर जाऊन बोलणारे पालक मी पाहिले आहेत. अशा वेळी 'ने बाबा तुझे लेकरू दुसऱ्या शाळेत' असे तोंडावर येते. पण ते करता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढायला मनाई केली आहे. बापाची जीभ कितीही चालो, मुलाचे नाव हजेरीत राहते. आणि ते बरोबरच आहे, कारण शाळेच्या हातात ज्या दिवशी नाव कापण्याची कात्री येईल, त्या दिवसापासून एकही पालक खरी तक्रार करणार नाही. शौचालयात पाणी नाही हेसुद्धा कोणी सांगणार नाही.

विकत घेण्याआधी नकार देणे वेगळे. २०१६ मध्ये टेस्ला मोटारीच्या एका नोंदणी केलेल्या गिऱ्हाइकाने कंपनीच्या कार्यक्रमावर टीका करणारे खुले पत्र लिहिले, तर इलॉन मस्क यांनी त्याची नोंदणीच रद्द केली. कोत्या मनाचे वागणे म्हणता येईल, पण मोटार अजून त्याची झालेली नव्हती. आपल्याकडचा दुकानदारही 'तुला माल देत नाही, जा' म्हणू शकतो. मात्र आपण पैसे मोजून मिक्सर घरी आणल्यावर तो रात्री येऊन त्यातली मोटर काढून नेऊ शकत नाही. तसे केले तर तो चोर. कंपनीने दुरून तेच केले तर त्याला 'सेवा थांबवणे' म्हणतात. शब्द बदलला की गुन्हा नाहीसा होतो, हे काही मला पटत नाही.

आणि 'त्रासदायक' कोण, हे ठरवणार कोण? मे २०२३ मध्ये बाल्टिमोर जवळच्या एका इंजिनिअरच्या घरी ॲमेझॉनचे पार्सल आले. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरातले ॲमेझॉनचे स्पीकर मुके झाले. चौकशी केल्यावर समजले की पार्सलवाल्याने तक्रार केली होती, या घराच्या बेलमधून मला वंशद्वेषी शिवी ऐकू आली. घरमालक स्वतः कृष्णवर्णीय, आणि त्या वेळी घरी कोणीच नव्हते. त्याने कॅमेऱ्याचे चित्रण काढून दाखवले. बेल आपोआप बोलली होती, 'माफ करा, काय हवे आहे?' इतकेच. पार्सलवाल्याच्या कानात हेडफोन होते. आठवडाभराने खाते सुरू झाले. आधी शिक्षा, मग चौकशी, आणि निर्दोष असल्याचा पुरावा जमवायचा तो शिक्षा झालेल्यानेच. तो इंजिनिअर होता, इंग्रजीत भांडू शकला, घरात इतर काही सोयी त्याने स्वतःच्या केल्या होत्या म्हणून दिवे तरी लागत होते. आपल्या अम्मीला असे उत्तर इंग्रजी ई-मेलमध्ये आले तर ती कोणाकडे जाणार?

कधी गिऱ्हाइकाने काही केलेलेही नसते. 'रिव्हॉल्व्ह' नावाचे ३०० डॉलरचे यंत्र घरातले दिवे-दारे जोडायचे, सेवा आयुष्यभर मिळेल असे सांगून विकलेले. गूगलशी जोडलेल्या नेस्ट कंपनीने २०१४ मध्ये ती कंपनी घेतली आणि १५ मे २०१६ ला सर्व्हर बंद करून टाकला. कोणाचे आयुष्यभर, असा प्रश्न लोकांनी विचारला. अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगाने लक्ष घातले, कंपनीने पैसे परत देऊ केले, पण यंत्रे मेली ती मेलीच.

हे सगळे दूर देशातले वाटेल. पण आपल्याकडे हीच कळ वेगळ्या रूपात आली आहे आणि ती गरिबाच्या खिशापर्यंत पोचली आहे. हप्त्यावर घेतलेला मोबाइल. काही कर्ज देणाऱ्या कंपन्या असा फोन देताना त्यात एक ॲप टाकत, आणि हप्ता चुकला की दुरूनच फोन बंद करत. २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्यांना हे थांबवायला सांगितले. सप्टेंबर २०२५ मध्ये रॉयटर्सने बातमी दिली की काही अटी घालून ही मुभा पुन्हा देण्याचा विचार बँकेत चालू आहे. हप्ता बुडवणाऱ्याची बाजू मला घ्यायची नाही. कर्ज फेडलेच पाहिजे. पण ज्या फोनवरून मजुराला कामाचा निरोप येतो, ज्यात त्याची मजुरी जमा झाल्याचा संदेश येतो, तोच बंद केला तर तो हप्ता फेडणार कशातून?

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. महामार्गावर नायरा कंपनीचे पेट्रोल पंप आपण पाहतो. तिचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले, तर मायक्रोसॉफ्टने तिची ई-मेल आणि इतर सेवा थांबवली. निर्बंध युरोपचे, कंपनी भारतातली, सेवेचे पैसे भरलेले. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांतच सेवा परत सुरू झाली. वकिलांची फौज असली की काही दिवस. नसली की किती, ते ज्याचे त्याने समजावे.

शेतकरी वाचकांसाठी आणखी एक. २०२२ मध्ये रशियन सैनिकांनी युक्रेनच्या मेलिटोपोल शहरातल्या विक्रेत्याकडून जॉन डिअरची लाखो डॉलरची शेतीयंत्रे लांबवली आणि शेकडो मैलांवर चेचन्यात नेली. तिथे ती सुरूच होईनात, दुरून कुलूप लावलेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही हसलो असेन. पण चोराच्या हातचे हार्वेस्टर ज्या कळीने बंद पडते, तीच कळ मालकाच्या हार्वेस्टरलाही असते.

आता आपल्या कायद्याकडे येऊ, कारण यात एक धडा आधीच शिकलेला आहे. वीज. २००३ च्या वीज कायद्याचे ५६ वे कलम सांगते की बिल थकवणाऱ्या ग्राहकाचीसुद्धा वीज तोडण्याआधी किमान १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल आणि ग्राहकाने मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यातली जी कमी ती 'निषेध नोंदवून' भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. ही दोन वाक्ये प्रत्येक घरात माहीत असायला हवीत. खांबावर चढून तार कापायला माणूस यायचा, तेव्हा हा कायदा झाला. पुढे स्मार्ट प्रीपेड मीटरची योजना आली, ज्यात पैसे संपले की कोणी न येता वीज बंद होऊ शकते. विदर्भासह राज्यभर विरोध झाला आणि जून २०२४ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांकडे असे मीटर बसवणार नसल्याचे जाहीर केले. आता महावितरण जे स्मार्ट मीटर बसवते ते पोस्टपेड आहेत, म्हणजे आधी वापर, मग बिल. त्या विरोधात काही गैरसमजही मिसळले होते. पण नोटिशीशिवाय अंधार नको, ही मागणी अगदी रास्त होती.

बल्ब-कॅमेऱ्याच्या कंपनीला अशी १५ दिवसांची अट कोणत्याच कायद्याने घातलेली नाही. तरी ग्राहक अगदीच उघड्यावर नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात 'अनुचित करार' ही कल्पना पहिल्यांदाच आली. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा हक्क एका बाजूला देणारी अट अनुचित मानता येते. ॲप टाकताना आपण इंग्रजीतली पंधरा-वीस पाने न वाचता खाली 'मान्य' वर बोट ठेवतो, त्यात अशी अट बहुधा असतेच. अडचण ही की अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोग ऐकत नाही, ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते. दोन हजारांच्या कॅमेऱ्यासाठी हिंगणघाट तालुक्यातून नागपूरच्या खंडपीठापर्यंत कोण जाणार? कायदा करणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा होता.

मात्र सेवेत कसूर झाली, एवढीच तक्रार असेल तर वर्ध्याचा जिल्हा आयोग पुरतो. नव्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कंपनी बेंगळुरूची असो की दिल्लीची. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. पण या सगळ्यासाठी बिल लागते, आणि बिल आपण घेत नाही. 'बिल घेतले तर जीएसटी लागेल' म्हटले की आपण गप्प. तिकडून आणलेल्या वस्तूचे बिल तर मुलाच्या ई-मेलमध्ये असते, तेही त्याला सापडले तर.

खात्याचेही तसेच आहे. अब्बूंच्या घरातला कॅमेरा मुलाच्या परदेशी नंबरवर नोंदवलेला असतो. तो नंबर बदलला की अल्लीपूरचे घर आपल्याच कॅमेऱ्याला परके होते. खाते घरात राहणाऱ्याच्या नावाने आणि त्याच्याच नंबरवर असावे, पासवर्ड वहीत लिहून ठेवावा. कॅमेरा घेताना मेमरी कार्ड टाकता येणारा घ्यावा, म्हणजे कंपनीने तोंड फिरवले तरी चित्रण घरात राहते. बल्ब भिंतीवरच्या बटणानेही लागतो ना, हे पाहावे. दाराचे कुलूप घ्यायचेच असेल तर लोखंडाची किल्ली लागणारे घ्यावे.

आपल्या शेतकऱ्यांनी या बाबतीत शहाणपणाची वस्तू आधीच निवडलेली आहे. विहिरीवरच्या पंपाला लावतात तो मोबाइल स्टार्टर. जुन्या पद्धतीच्या स्टार्टरमध्ये आपलेच सिमकार्ड असते, त्यावर फोन लावला की मोटर सुरू, पुन्हा लावला की बंद. मध्ये स्टार्टर बनवणाऱ्याचा सर्व्हर नाही, कंपनी उद्या बुडाली तरी ओलीत थांबत नाही, सिमचा रिचार्ज तेवढा हवा. आता ॲपवर चालणारे नवे स्टार्टर येत आहेत, दिसायला देखणे आहेत, किती युनिट जळले तेही दाखवतात. ते घेताना दुकानदाराला विचारावे, नेट नसताना चालतो का? त्याला सांगता आले नाही तर त्याच्यासमोरच मोबाइलचा डेटा बंद करून मोटर सुरू करून दाखवायला सांगावे.