चित्र पुढे, आवाज मागे

श्रीरामपूरच्या आसमंतात प्रवरेच्या कालव्यावर कोणी धुणे धूत असेल, तर शंभर मीटरांवर उभे राहून पाहा. कपडा दगडावर आपटलेला आधी दिसतो, 'धप्प' मागून ऐकू येते. उजेड तत्क्षणी पोचतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. म्हणजे पाव सेकंदाहून थोडा जास्त उशीर झाला. पण त्याचे आपल्याला काही वाटत नाही. निसर्गात आवाज नेहमी मागूनच येतो, ही कानाची जुनी ओळख आहे.

उलट आवाज आधी आला, की लगेच खटकते. दूरचित्रवाणीच्या तज्ज्ञांनी हे मोजून पाहिले आहे. आवाज सेकंदाच्या सुमारे आठव्या भागाइतका मागे राहिला तरी सहसा ध्यानात येत नाही. पण विसाव्या भागाइतका पुढे गेला, तरी जाणवू लागतो.

आता हे दुखणे नवे नाही बरे का! जत्रेतल्या तंबूत १६ मिलिमीटरच्या फितीवर बोलपट दाखवीत. त्या फितीवर चित्राचा आवाज चित्राशेजारी नसून २६ चौकटी पुढे छापलेला असे. कारण भिंगापुढे फीत थांबत-थांबत सरकते, तर आवाज वाचायला ती सलग वाहावी लागते. मधले वेटोळे यंत्र चालवणाऱ्याने लहानमोठे ठेवले, की नायकाचे ओठ मिटल्यावर संवाद यायचा!

आज फीत गेली. शाळेत संगणक आला, मोबाईल आला. दुखणे मात्र राहिले. आणि गुरुजी, वर्गात ही केवळ गमतीची गोष्ट नाही. मूल नुसते कानाने ऐकत नाही, ओठही वाचते. १९७६ साली मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या संशोधकांनी दाखवून दिले, की कानावर 'बा' पडला आणि ओठ 'गा' म्हणताना दिसले, तर पुष्कळांना 'डा' ऐकू येतो! मग इंग्रजी उच्चारांच्या पाठात ओठ आणि आवाज यांची फारकत झाली, तर मूल काय शिकेल? ज्याला कमी ऐकू येते, त्या मुलाची तर काठीच काढून घेतल्यासारखे होते.

तेव्हा उपाय करण्याआधी रोग ओळखा. पाठ सुरू झाल्यावर टाळी किंवा फळ्यावरचा ठोका शोधा आणि फरक पाहा. मग शेवटाकडे जाऊन पुन्हा पाहा.

फरक दोन्हीकडे सारखाच असेल, तर काम सोपे. व्हीएलसी हा फुकट मिळणारा प्लेअर घ्या. त्यात आवाज आधी येत असेल तर 'के' अक्षराची कळ दाबा. आवाज मागे येत असेल तर 'जे'ची. एका दाबात आवाज सेकंदाच्या विसाव्या भागाने सरकतो. सावकाश दाबा, ओठ पाहा, जुळले की थांबा. मूळ फाइलीला यात काही धक्का लागत नाही.

फरक वाढतच जात असेल, तर मात्र कळ दाबून भागणार नाही. चित्राची चाल आणि आवाजाची चाल वेगळी पडली असे समजा. सेकंदाला २४ चौकटींचे चित्र २५च्या चालीने पळवले, तर पंचवीस मिनिटांचा पाठ चोवीस मिनिटांत संपतो आणि आवाज एक मिनिट उरतो! एका बैलाचे पाऊल लांब, दुसऱ्याचे आखूड. औत कसे सरळ चालेल? अशा वेळी मूळ चांगली प्रत पुन्हा मिळवावी, किंवा जाणकाराकडून दोन्हींची चाल एक करून घ्यावी.

आणखी एक. सगळ्याच पाठांत आवाज मागे राहत असेल, तर फाइलीला दोष देऊ नका. बिनतारी ब्लूटूथ स्पीकर वापरता काय? आवाज बांधून पाठवायला, पलीकडे सोडवायला त्याला वेळ लागतो. साधी तार जोडून पाहा. पुष्कळदा दुखणे तिथेच संपते. चित्र मात्र अडखळत असेल, तर जुन्या संगणकाला ते झेपत नाही असे समजून बाकीची कामे बंद करा.

वर्ग भरण्याआधी पाच मिनिटे ही तपासणी करा. मुले आली, की त्यांचे लक्ष यंत्राकडे नको, धड्याकडे असावे.